हातगुण

"सर, रिलॅक्स. मान माझ्या हातात सोडून द्या. यू आर होल्डिंग इट," वर्गातली जोडीदार डॉ. अस्मी गुणवंतांना म्हणाली.

दुबईच्या हॉटेलातल्या त्या हॉलमध्ये निम्मे डॉक्टर टेबलांवर उताणे पडले होते आणि उरलेले निम्मे त्यांच्या माना धरून बसले होते. लायसन्ससाठी शिक्षणाचे तास भरावे लागतात. शारजातले डॉ. गुणवंत ते दरवर्षी डायबेटिसच्या व्याख्यानात डुलक्या काढत भरायचे. यंदा, २०११ साली, त्यांनी हातांनी करायच्या उपचारांचा, ऑस्टिओपॅथीचा, वर्ग निवडला. त्यांना तिथे एकच गोष्ट विचारायची होती. अस्मीची मान धरायची पाळी आली, तेव्हा मात्र त्यांनी पोटाचं निमित्त सांगून काढता पाय घेतला.

मान वाजवायला ते कॉलेजात शिकले नव्हते. ती साताऱ्याच्या महादू न्हाव्याची देणगी. दाढी आटोपली की महादू हनुवटी धरून एक झटका द्यायचा, कडकन आवाज व्हायचा आणि गिऱ्हाईक खूश. गुणवंतांनी ते उचललं, वर एमबीबीएसची पाटी, मग काय विचारता. शारजात बिल्डिंगमधली मराठी मंडळी पार्टीत त्यांच्यापुढे रांग लावायची. डॉक्टरांना हातगुण आहे, म्हणायची.

२००९च्या मार्चमध्ये शेजारचा उपेंद्र आला. मंदीत त्याची साइट बंद पडली होती आणि नोकरी गेली होती.

"डॉक्टर, चार दिवस मान धरलीय. चक्कर पण येतेय. एकदा वाजवून द्या ना, खलास."

त्यांनी वाजवली. उपेंद्र हसत घरी गेला. तिसऱ्या दिवशी त्याला पक्षाघात झाला आणि आठवड्यात माणूस संपला. मंदीनं खाल्लं त्याला, असं सगळे म्हणाले. गुणवंत तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. तेव्हापासून कुणी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं तरी त्यांना तोच आवाज ऐकू यायचा.

दुपारी गुणवंत वर्गात परतले. शिकवणाऱ्या बाईंनी मानेला हात लावण्याआधीचे प्रश्न फळ्यावर लिहिले. पहिलाच होता, चक्कर येते का?

वर्ग सुटल्यावर गुणवंतांनी बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं, फक्त 'माझ्या ओळखीचा एक डॉक्टर' असं म्हणून.

"मानेतली रक्तवाहिनी कदाचित आधीच फाटत असेल, म्हणूनच मान दुखत असेल," बाई इंग्रजीत सावकाश म्हणाल्या. "झटक्यानं झालं की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या डॉक्टरनं चक्कर येते का, हे विचारलं होतं?"

"विचारावं लागलं नाही. पेशंटनं आपणहून सांगितलं होतं."



गुणवंत घरी गेलेच नाहीत. उपेंद्रची बायको सुजाता आता शाळेत शिकवत होती आणि दुबईतच डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत राहत होती. ते तिच्या दाराशी उभे राहिले.

"या भाऊजी. यांच्या मागे तुम्हीच तेवढी विचारपूस करता."

ते उभ्यानंच बोलले. चक्कर, झटका, फळ्यावरचा प्रश्न, सगळं. "त्याला तेव्हाच हॉस्पिटलात पाठवायला हवं होतं, वहिनी. त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही. आणि दोन वर्षं बोललो नाही."

सुजातानं भिंतीला हात टेकला.

"पक्षाघात झाला त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना खूप बोलले होते," ती म्हणाली. "नोकरीवरून. मला वाटायचं, तेच लागलं त्यांना. माझ्यामुळेच गेले. दोन वर्षं, भाऊजी."

हे गुणवंतांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "चहा टाकते."

ती आत गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला.