भरितासाठी पाडलेली भिंत

पिंप्राळ्यातल्या त्या बागेला दार एकच, आणि तेही हमरस्त्यावर. मागच्या कॉलनीतल्या माणसाला भिंतीपलीकडची झाडे घरातून दिसत. आत जायचे तर मात्र ट्रकच्या गर्दीतून मोठा वळसा. चुडामण नानांच्या पत्नी ललिताबाई यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. रोज सपाट जागेवर चालल्या नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. गल्लीत सपाट असे काही नव्हतेच. म्हणून मागच्या भिंतीत पायी आणि सायकलीने येणाऱ्यांसाठी एक छोटे दार व्हावे, हा ध्यास नानांनी घेतला.

नाना तंत्रनिकेतनात शिकलेले. वरणगावच्या कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी दाराचा नकाशा काढला, भिंतीवर चुन्याने जागाही आखली. खर्च रहिवाशांनी करायचा असल्यामुळे पालिकेने परवानगी देताना कमालीची तत्परता दाखवली. मग निधी समिती स्थापन झाली. अध्यक्ष तोताराम आबा. आबांनी आजवर एखादे अध्यक्षपद नाकारल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

“घरोघरी जाऊन वर्गणी मागू,” नाना म्हणाले.

“नाना, हात पसरायचे दिवस गेले. भरीत पार्टी ठेवू, तिकीट लावू. लोक खातील आणि देतील.”

लोकांनी यातले पहिले काम मनापासून केले. शेंगदाणे, तेल आणि पुऱ्या यांतच दार विरघळून गेले. समितीने सखोल चिंतन केले आणि पार्टी लहान पडली, असा निष्कर्ष काढला. दुसरी पार्टी भव्य आणि थेट बागेतच घ्यायचे ठरले.

ठरल्या दिवशी रोहिदासचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बामणोदची वांगी आणि ती भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, पऱ्हाटीचा डोंगर. बागेच्या मुख्य दाराची कमान पालिकेच्या एका माजी अध्यक्षांनी स्वतःच्या नावाला साजेशी जड, पण ठेंगणी बांधली होती. पऱ्हाटी तिथेच अडकली.

“आबा, ट्रॉली मझार जात नही,” रोहिदास म्हणाला. “मांगली भित पाडनी पडई.”

दारासाठी अनेक महिने निघत नसलेला मुहूर्त भरितासाठी जागच्या जागी निघाला. नानांनी आखलेल्या जागीच भिंत पाडली गेली, फक्त नकाशापेक्षा दुप्पट रुंद. पऱ्हाटी आत गेली, वांगी भाजली गेली, माणसे तृप्त झाली. ललिताबाई वॉकर घेऊन त्याच वाटेने आत गेल्या आणि बागेला संथ फेरी मारून परतल्या.

“भरीत तिखट होतं,” त्या म्हणाल्या, “पण वाट चांगली आहे.”

त्या रोज जाऊ लागल्या. सायकलीही ये-जा करू लागल्या. हे आबांच्या कानावर गेले आणि त्यांनी बागेतच तातडीची बैठक बोलावली.

“उद्घाटनाआधीच लोक वापर करतात, हे शोभत नाही,” आबा म्हणाले. “उरल्यासुरल्या पैशांत छगन मिस्त्री उद्याच भिंत बांधेल. मग रीतसर निधी जमवू आणि रीतसर ती फोडू.”

“म्हणजे दार करायचं म्हणून दार बुजवायचं?”

“नाना, तुम्ही तांत्रिक माणूस. हा संघटनेचा विषय आहे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनी वळून पाहिले. ललिताबाई झाडांखालून चालत होत्या. आज हातात वॉकर नव्हता, नुसती काठी होती. नाना सवयीप्रमाणे सगळ्या बाजू पुन्हा एकदा मापून पाहू लागले. समितीने ज्यासाठी निधी जमवला, ते झाले नाही. ज्यासाठी जमवला नाही, ते दुपार व्हायच्या आत झाले. यात त्यांना एक ठाम नियम दिसला.

ते उठले.

“आबांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे,” ते म्हणाले. “भिंत हवीच. पण उरल्यासुरल्या पैशांत बांधली तर तकलादू होईल, आणि नाव तुमचं खराब होईल. पायापासून पक्की बांधू. त्यासाठी स्वतंत्र निधी उभारू. नकाशा मी काढतो.”

आबांचा चेहरा उजळला. “निधी कसा उभारायचा?”

“भरीत पार्टी ठेवू.”

ठराव एकमताने मंजूर झाला. पऱ्हाटीच्या ट्रॉलीसाठी तोवर वाट मोकळी ठेवावी, ही दुरुस्ती खुद्द आबांनीच सुचवली. भिंत समितीचे अध्यक्षपदही त्यांनी जड अंतःकरणाने स्वीकारले.

संध्याकाळी ललिताबाईंनी काठी टेकत विचारले, “अहो, भिंत बांधणार म्हणे. कधी?”

“समिती नेमली आहे,” नाना म्हणाले. “तू निर्धास्त चाल.”