अळणी पेज

"वैनी, नाताळापर्यंत थांबतो. मग हा खड्डा बुजवनार," एडवर्डने फावडं कुडाला टेकवलं. "वास येतो. लोक नाक दाबून जातात."

"अर्नाळ्यातली मानसं कधीपासून नाक दाबायला लागली?" मार्थाने मासळी चिरता चिरता विचारलं.

धाकटा दीर हसला नाही. त्याला तिथे जाळी ठेवायला खोपी हवी होती.

खड्डा तिच्या नवऱ्याने, डॉमनिकने खणला होता. मुंबईत मैलापाण्याच्या खात्यात असताना तो शिकून आला होता: शेण, खरकटं, मासळीची घाण पाण्यात कोंडली, की डोळ्यांना न दिसणारी जित्राबं ती खातात आणि ढेकर देतात. त्या ढेकरांनी खड्ड्यावर पालथं घातलेलं पिंप वर उचललं जाई. त्यातला वायू नळीने चुलीपर्यंत आणून काडी लावायची. गाव हसलं, पण मार्थाने दोन वर्षं त्याच ज्योतीवर भात शिजवला. पावसाळा सरता सरता डॉमनिक तापाने गेला आणि महिन्याभरात पिंपही खाली बसलं.

सगळे म्हणाले, त्याच्यामागून गेलं. मार्थाला हे पटेना. पिंपाला कसला ताप?

सुरमईला मीठ चोळताना एकदम तिचा हात थांबला. नवरा गेल्यापासून ती पोटासाठी मासळी खारवत होती, आणि ते मीठपाणी, फुकट कशाला घालवा म्हणून, खड्ड्यात ओतत होती. सडू नये म्हणून तर मीठ लावायचं. मग आत सडेल कसं?

तीन दिवस तिने खड्डा उपसला. शेजारच्या नरहरीच्या वाडीतून डोक्यावर शेण आणलं.

"डॉमनिक गेला. आता हा उपद्व्याप कशाला, मार्थाबाई?" नरहरी म्हणाला.

"डॉमनिक गेला. मी कुठं गेलेय?"

खरकट्यातही मीठ नको म्हणून ती अळणी जेवू लागली.

नाताळच्या आदल्या सकाळी एडवर्ड दोन गडी घेऊन आला. पिंप हातभर वर आलं होतं. मार्थाने चुलीपाशी काडी ओढली. पहिली विझली. दुसरीला निळी ज्योत धरली. तिने पेज चढवली आणि तिघांना वाढली.

"वैनी, मीठ?"

तिने त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवलं. "चाटून खा. पेजेत नको."

जेवण झाल्यावर तिने बादली पुढे केली. एडवर्डने ताटलीतली उरलेली पेज तीत निपटली, वाटेतलं फावडं पायाने बाजूला सारलं आणि बादली उचलून खड्ड्याकडे गेला.