दातांत धरलेली काठी

“बाई, मिस्त्रीला आताशा ऐकू येईना झालंय. लेकराला त्याच्या पाठीमागं खेळू देऊ नका,” असं सगुणाबाई म्हणाली, तेव्हा प्रेमबाईंनी ते हसण्यावारी नेलं. मीही हसले. जो माणूस माझ्या पोटातली सुईएवढी कुरकुर ओळखतो, त्याला म्हणे ऐकू येत नाही!

मोटारीला हसता येतं का, असं विचारू नका मित्रांनो. दहा वर्षं माणसांना पाठीवर घेऊन हिंडलं, की हसणं काय आणि झुरणं काय, दोन्ही जमू लागतं.

होय, मी जालन्याची मोटार. सध्या सरकीच्या गोदामामागे उभी असते. छत दोन ठिकाणी फाटलं आहे आणि मागच्या बैठकीवर एका कोंबडीने आपलं घर केलं आहे. पण एके काळी मी मोंढ्यातून निघाले, की हमाल डोक्यावरची पोती सावरत बाजूला व्हायचे. शेठ भागचंद यांनी मला औरंगाबादच्या एजन्सीतून आणलं, त्या दिवशी घरच्या बायकांनी माझ्या चारी चाकांवर पाणी घातलं होतं आणि प्रेमबाईंनी, म्हणजे शेठांच्या पत्नीने, माझ्या कपाळावर कुंकू लावलं होतं. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. मीही.

पहिली दोन वर्षं माझी देखभाल एजन्सीतच व्हायची. तिथली फरशी धुतलेली, कारागीर एकसारख्या कपड्यांतले. प्रत्येक नट आवळून झाला, की ते त्यावर लाल रंगाचा ठिपका देत. म्हणजे हा आमच्या हाताखालून गेला. काम चोख असे. मात्र शेठांना बाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवत, आत येऊ देत नसत. मला ते जरा परक्यासारखं वाटे.

एकदा औरंगाबादच्या वाटेवर, बदनापूरच्या अलीकडे, मी धापा टाकत उभी राहिले. बैलगाडीला बांधून मला परत जालन्यात आणलं आणि कुणीतरी कडूबा मिस्त्रीला बोलावलं. त्याचा सारा जन्म कापसाच्या जिनिंगमधल्या धडधडत्या इंजिनांजवळ गेलेला. नुकतंच त्याने स्टेशनच्या वाटेवर एका निंबाखाली स्वतःचं काम मांडलं होतं. त्याने माझं तोंड उघडलं, आत पाहिलं आणि शेठांकडे वळला.

“हिला पाणी पाजलं का?”

“पाणी?”

“शेठ, बैलाला इचारता, घोड्याला इचारता. हिनं काय घोडं मारलं तुमचं?”

शेठ इतके हसले, की रागवायचं विसरून गेले. त्या दिवसापासून मी निंबाखाली जाऊ लागले.

कडूबाजवळ बाभळीची एक गुळगुळीत काठी होती. तिचं एक टोक माझ्या इंजिनावर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. मग डोळे मिटून तो ऐकत राही. “बोल माय, काय दुखतं?” असं म्हणे. आणि त्याला दुखणं सापडेच. प्रेमबाईंचे दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि नेमकी मी सुरू होईना, तेव्हा तो जेवणावरून उठून उष्ट्या हाताने पळत आला होता. त्याच्यामुळेच त्या वेळेत दवाखान्यात पोचल्या. कंचनचा जन्म झाला, तो असा. त्यानंतर त्या घरात कडूबाला कोणी वावगा शब्द बोललं नाही. मित्रांनो, पुढचं सगळं त्या न बोललेल्या शब्दांमुळेच झालं.

जर्मनीच्या लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना, मी झाकून ठेवलेली होते. लढाई संपली, माझ्यावरचं कापड निघालं आणि कडूबा काठी घेऊन आला. मी त्याच्या “बोल माय”ची वाट पाहत होते. त्याने काठी इंजिनावर टेकवली. पण दुसरं टोक कानाला लावलं नाही. दातांत धरलं.

“ही काय नवीन तऱ्हा, मिस्त्री?” शेठांनी कौतुकाने विचारलं.

“बराबर हाय,” कडूबा म्हणाला. प्रश्न एक, उत्तर भलतंच. शेठांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला थोडं वाटलं. पण दातांतून त्याला माझा ठोका अजून कळत होता, दुरुस्तीही नीट होत होती. सगुणाबाईने इशारा दिला, तो याच दिवसांत. ती हसनाबादची, कंचनला सांभाळायला ठेवलेली. पोर त्याच्या मागे भोकाड पसरून रडली आणि तो वळला नाही, हे तिने पाहिलं होतं. “कामात असतात ते,” म्हणून प्रेमबाईंनी विषय संपवला.

पुढे माझ्या मागच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. वळण आलं, की कट्, कट्. प्रेमबाई नेमक्या त्याच बाजूला बसत, मांडीवर कंचन. त्या सारख्या वाकून चाकाकडे बघत. आई झाल्यापासून त्यांना प्रत्येक आवाजाची धास्ती वाटायची. त्या वेळी ती खरी होती.

शेठ मला निंबाखाली घेऊन गेले. “मिस्त्री, मागच्या चाकात काहीतरी वाजतंय.”

कडूबाने मान हलवली, “बराबर,” म्हणाला आणि पुढे येऊन माझं तोंड उघडलं. काठी इंजिनावर ठेवली, दातांत धरली, बराच वेळ डोळे मिटून बसला. “घड्याळावाणी चालून राह्यली. बिलकुल काळजी करू नका.”

मी मनात ओरडत होते, अरे, मागे बघ, मागे! शेठ चुळबुळले. पुन्हा सांगावं, तर म्हाताऱ्याचा अपमान होईल, असं त्यांना वाटलं असावं. नुसतं एक बोट, मित्रांनो. त्या चाकाकडे कोणी नुसतं एक बोट दाखवलं असतं, तर कडूबाने ते चाक उतरवून तासाभरात ठीक केलं असतं. त्याचा हात शाबूत होता. पण ज्याचा मान ठेवायचा, त्याला बोट कसं दाखवायचं?

घरी आल्यावर प्रेमबाई म्हणाल्या, “अहो, उद्या एजन्सीत न्या.”

“आणि कडूबाला काय सांगू? माझी गाडी औरंगाबादला गेली, की चार दिवसांत बाकीच्यांच्याही जातील. त्या निंबाखाली मग कुत्रं तरी बसेल का?”

“आणि चाक निघालं तर? तुमच्या निंबाखाली मी माझी पोर ठेवू?”

मिस्त्रीला ऐकू येत नाही, हे एव्हाना दोघांनाही उमगलं होतं. दोघांचंही खरं होतं. तिसरी गोष्ट, जाऊन त्याला त्याच्या कानांचं तोंडावर सांगायची, ती मात्र दोघांच्याही मनात आली नाही. किंवा आली असेल, पण ओठांवर आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. स्टेशनची वाट सोडून मागच्या गल्लीने, चोरासारखे.

एजन्सीतल्या माणसाने चाक उतरवलं. चाकाला आसाशी घट्ट धरून ठेवणारी एक पोलादी खीळ असते, ती झिजून पार पातळ झाली होती. तो म्हणाला, “शेठजी, आपका पहिया तो रुखसत लेनेवाला था.” म्हणजे चाक माझा निरोपच घेणार होतं. प्रेमबाईंनी कंचनला असं काही छातीशी धरलं, की ती रडायला लागली. नवीन खीळ बसली. नटांवर लाल ठिपके आले. एजन्सीत न्यायचा निर्णय बरोबरच होता. मी आईच्या बाजूने आहे आणि राहीन. पण मला परत त्याच मागच्या गल्लीने आणलं, ते मात्र मला आवडलं नाही.

मग दसरा आला. दरवर्षीप्रमाणे कडूबा झेंडूची माळ घेऊन आला. त्याने मला पुसलं, माळ घातली, चाकाला हळदकुंकू लावायला वाकला आणि तिथेच थांबला. लाल ठिपक्यावर त्याने अंगठा फिरवला. एका नटावर, मग दुसऱ्या.

“शेठ,” तो उठून म्हणाला, “माझा हात गेला का? खरं सांगा.”

शेठ खाली बघत पुटपुटले, “छे छे, तुमचा हात सोन्याचा आहे, मिस्त्री. ते... एजन्सीवाल्यांनीच बोलावलं होतं.”

त्यातलं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नाही, मी पैजेवर सांगते. त्याने फक्त खाली घातलेली मान पाहिली, आणि त्याला त्याचं उत्तर मिळालं. “बराबर, बराबर,” म्हणत त्याने शेठांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि तो निघाला.

प्रेमबाई दारातून म्हणाल्या, “अहो, सांगा ना त्यांना, हाताचं नाही म्हणून!”

“सणाच्या दिवशी काय सांगू?”

सण गेला. बाकीच्या मोटारीही औरंगाबादला जाऊ लागल्या. कधी त्या वाटेने गेले, तर कडूबा निंबाखाली एकटाच दिसे, काठी मांडीवर आडवी.

पुढच्या भाद्रपदात रझाकारांच्या धामधुमीचा शेवट जवळ आला होता. हिंदुस्थानच्या फौजा येणार, काय होणार, कुणाला ठाऊक नव्हतं. सगुणाबाई आधीच आपल्या माणसांत हसनाबादला गेली होती. एका सकाळी दवंडी फिरली: सगळ्यांनी दारं लावून घरात राहावं, रस्त्यावर कोणी दिसू नये. आमचा दरवाजा बंद झाला. मी आतल्या अंगणात होते, म्हणून मला ऐकू आलं.

“मिस्त्रींना कोणी सांगितलं असेल का?” प्रेमबाईंनी विचारलं.

“अगं, अख्ख्या गावात दवंडी फिरली...” शेठ बोलता बोलता थांबले. दरवाजा कोणी उघडला नाही. दारामागे लेकरू होतं. मी त्यांना दोषही कसा देऊ?

दारं उघडली, त्या दिवशी शेठ आधी निंबाकडे गेले. हत्यारांची पेटी नव्हती. कडूबा नव्हता. काठी खोडाला टेकून उभी होती. कोणी म्हणालं, तो धावड्याला बहिणीकडे गेला. कोणी म्हणालं, गेला कसला, आम्ही तर त्याला जाताना पाहिलं नाही. शेठांनी काठी आणून माझ्या मागच्या बैठकीवर ठेवली. दिवाळी झाली की धावड्याला जाऊ, म्हणाले. मग कापसाचा हंगाम झाला की. त्यांना दूर वाटत नाही, लाज वाटते. मला एवढंच कळतं, की माझी खीळ नवी आहे, मी धावड्यापर्यंत सहज जाईन, आणि मला कोणी नेत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणी भोकरदनच्या बाजूला जाणार असेल, तर धावड्यात कडूबा मिस्त्रीचं घर विचारा. मागून हाक मारू नका. अंगणात जाऊन त्याच्या समोर उभे राहा, त्याने मान वर केली की आधी आपल्या कानाकडे बोट दाखवा, मग त्याचा हात हातात घ्या. त्याला कळेल.

पण ते नंतरचं. आधी तो तिथे आहे का, तेवढं कोणीतरी बघून या.