डाव्या हाताचा मळ

कुलूपवाल्याच्या घरात सून म्हणून आली त्याच दिवशी सासूने तिच्या डाव्या हातातील झारा पाहून नाक मुरडले आणि ‘डावरी’ हे नामकरण उरकले. तदनंतर तिचे खरे नाव त्या घरात कोणाच्याही जिभेवर आले नाही. तथापि, ज्या सात पट्ट्यांच्या कुलपापायी आज कारागीर संघात नवऱ्याचा सत्कार होणार होता, ते त्याच डाव्या हाताचे अपत्य होते. तीन वर्षे, भांडीकुंडी आवरून झाल्यावर, तिने कानस चालविली आणि बोटांची सालटी काढून घेतली. हात डावा, म्हणून किल्लीही डावीकडे फिरणारी केली. उजवीकडे फिरविल्यास आतील पट्टी पडे व कुलूप अडकून मुके होई. त्याला पुन्हा बोलते करण्याची खुबी एकट्या तिला ठाऊक होती.

“आज स्टेजवर तुझं नाव घेतो,” सकाळी नवरा म्हणाला.

“कुठलं?”

“चेष्टा पुरे गं. घेतो म्हटलं ना!”

“बरं. किल्ली डावीकडे फिरवा. विसराल.”

“मला शिकवतेस? कुलपांत हयात गेली माझी.”

सभागृहात ती शेवटच्या रांगेत बसली. अध्यक्षांनी नवऱ्याच्या गळ्यात पदक घातले आणि विचारले, “काय हो, एवढं डोकं चालवलंत तरी कसं?”

ती सावरून बसली. नवऱ्याची नजर तिच्यापर्यंत येऊन पोचली, घुटमळली व परत फिरली.

“छे हो! हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!”

सभागृह हास्याने दुमदुमले. तिने आपली सोलवटलेली बोटे मुठीत झाकली.

“मग उघडून दाखवा की!” अध्यक्ष म्हणाले.

नवऱ्याने ऐटीत किल्ली घातली आणि उजवीकडे फिरविली. कुलूप मुके झाले. त्याने हिसडे दिले, अध्यक्षांनी जोर लावला, दोन जुन्या कारागिरांनीही हात टेकले. अखेर घामाघूम होऊन त्याने हाक मारली, “अगं ए, जरा वर ये!”

ती गेली. आता तरी याला सांगावेच लागेल, ही आशा तिच्या अंतःकरणात पायरीगणिक बळावत होती. तिने किल्ली आत दाबली, डावीकडे हलकेच वळविली, आणि कुलूप उघडले.

तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने अध्यक्षांकडे पाहिले.

“बघितलंत?” अध्यक्ष माईकमध्ये गरजले. “याला म्हणतात कारागिरी! इतकं सोपं कुलूप, की घरातली बाईसुद्धा उघडते!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“नाव घ्यायचं राहिलंच बघ,” नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. “पुढच्या वेळी नक्की.”

“कुठलं नाव?” तिने पुन्हा विचारले.

त्याने तोंड उघडले. काही वेळाने मिटले.

तिने कुलूप दाबून बंद केले, स्वतःच्या हाताने किल्ली उजवीकडे फिरविली, आणि ती त्याच्या तळहातावर ठेवून पायऱ्या उतरली. आतील पट्टी पडल्याचा आवाज, टाळ्यांच्या त्या गदारोळात, फक्त तिलाच ऐकू आला.