शार्शेनअलीच्या शेळ्यांचे दार

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. नीट सांगायचे तर खाटेचा फक्त उशाकडचा भाग आहे. माझा पायथा शेजारच्या ओमुरझाकच्या कोंबड्यांपुढे उभा असतो आणि मधली जाळी कुठे गेली ते मला ठाऊक नाही. मित्रांनो, सध्या मी शेळ्यांच्या गोठ्याचे दार आहे. आमच्या नारीनच्या डोंगरांत जुन्या खाटांचे असेच होते. कुणी फाटक होते, कुणी कुंपणात जाते. त्याची मला लाज नाही. मला किळस येते ती वासाची.

कारण मी अशा घरची नाही. माझी उमेदीची वर्षे इस्सिक-कुल तळ्याकाठच्या एका आरोग्यधामात गेली. तिथे गालिना नावाची परिचारिका रोज सकाळी ओल्या फडक्याने माझा एकेक गज पुसायची. चादरी उकळत्या पाण्यातून निघालेल्या असत. छातीच्या दुखण्याने पोखरलेला एक खाणकामगार महिनाभर माझ्यावर झोपला आणि निघताना म्हणाला, "आईच्या घरानंतर अशी झोप इथंच लागली." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली. पुढे आरोग्यधाम बंद पडले. मी एका पडवीत गंजत आणि कबुतरांचे सगळे सोसत पडून राहिले. एके दिवशी आम्हा खाटांचा ढीग विकायला निघाला आणि शार्शेनअली मला कोळशाच्या ट्रकवर टाकून घेऊन आला.

शार्शेनअली सत्तरीचा म्हातारा. त्याने जन्मभर मेंढ्या राखल्या. त्याचा मुलगा बिश्केकला घरे बांधायच्या कामावर असतो, म्हणून घरात म्हातारा, सून कनिशाय आणि चार वर्षांची नात सायकाल अशी तिघेच. सायकालला गाईचे दूध पचत नसे. घोटभर प्यायली तरी पोट धरून कळवळायची. पोर अगदी काडी झाली होती. शेवटी कनिशायने चुय खोऱ्यातल्या एका बाईकडून दोन दुधाळ शेळ्या आणल्या, मार्झान आणि बोटो. दोघी जिगुली गाडीच्या मागच्या सीटवर बसून आल्या. त्या सीटचे काय झाले ते कृपा करून विचारू नका.

आमच्याकडे मेंढी आणि घोडा ही उष्ण श्वासाची, मानाची जनावरे. शेळी पडली थंड श्वासाची. म्हाताऱ्याने त्या दोघींकडे पाहून नाक मुरडले, पण नातीसाठी कामाला लागला. त्याला गोठा एकाच तऱ्हेचा माहीत होता.

"शेळी म्हणजे काय? बिनलोकरीची मेंढी!" असे म्हणत त्याने दोन दिवसांत सगळे उरकले. कच्च्या विटांच्या भिंती, डोके टेकेल इतके खाली छप्पर, खिडकी नावाला नाही. आत उघडणारे दार म्हणून मला तारेने बांधले. पुढच्या अंगणाला कंबरेइतकी भिंत घातली, कारण मेंढी तेवढ्या भिंतीला भिते.

मार्झानने त्या भिंतीकडे एकदा पाहिले आणि दुसऱ्या क्षणी ती भिंतीपलीकडे होती. बोटो तिच्या मागून गेली, तिथून गवताच्या गंजीवर आणि गंजीवरून ओमुरझाकच्या छपरावर. ओमुरझाक म्हाताऱ्याच्या बरोबरीचा. आमच्याकडे बरोबरीच्यांना एकमेकांची टर उडवायची मोकळीकच असते आणि त्याने ती कधी वाया घालवली नाही.

"काय रे शार्शे! हजार हजार मेंढ्या राखल्यास आणि दोन शेळ्या आवरेनात? ही तुझी बाई माझ्या धुराड्यातून स्वयंपाक बघतेय!"

"बघू दे. तुझ्याकडे काय शिजतं ते गावालाही कळेल एकदा," म्हातारा म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

मग पॉपलरचे वासे आणि जाळीची तार आणून त्याने कुंपण पुरुषभर उंच केले. तोवर बोटोने माझ्या गजांत डोके अडकवून घेतले होते. ते सोडवेपर्यंत तिने माझ्यावर जी लाळ गाळली, ती अजून माझ्या अंगावर वाळलेली आहे असे मला वाटते. दोघी मला चाटायच्या, अंग घासायच्या, खुर ठेवून उभ्या राहायच्या. शी! ज्या गजांवरून गालिनाचा हात फिरला, त्यांच्यावर ही लाळ!

तरी ते दिवस बरे होते. कनिशाय धार काढायची, सायकाल दाराशी वाटी घेऊन उभी राहायची आणि तिथेच पिऊन टाकायची. पोट दुखत नव्हते. महिन्याभरात पोरीच्या गालांवर रंग आला. म्हातारा हे लांबून बघायचा आणि खोकायचा.

मग थंडी आली आणि मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे ते जेवताना वाचू नका.

मेंढ्यांच्या गोठ्यात हिवाळाभर लेंडी उपसायची नाही, ही आमची रीत. ती तुडवली जाते, थरावर थर बसतो, जमीन उबदार राहते. वसंतात ती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. तिला कीक म्हणतात. घरात किती कीक रचलेली आहे यावरून माणसाची पारख होते. म्हाताऱ्याने तेच केले. भिंतीच्या फटीफटीत लोकर दाबून केलेला जाड नमदा कोंबला, माझ्या बाहेरच्या अंगालाही नमदा ठोकला आणि झाडूला हात लावायचा नाही असे बजावले.

पण मेंढी पाणी पिते बेताचे. ह्या दुधाळ बाया दिवसाला बादल्या रिचवत होत्या आणि रिचवलेले सगळे काही दूध होत नव्हते. आठवड्याभरात जमीन ओली झाली, पंधरवड्यात चिखल झाला. वास छताला लागून तिथून खाली उतरायचा. छतावरून पिवळे थेंब माझ्यावर ठिबकत. माझे पाय आधी लेंडीत गेले, मग खालची दांडी गेली. डिसेंबरात मी अर्धीच उघडू लागले आणि कनिशाय बादली पोटाशी धरून आडवी होऊन आत शिरू लागली. मला रोज गालिना आणि तिचे ओले फडके आठवायचे.

कनिशायला कळत होते. पण आमच्याकडे सून सासऱ्याला उलट बोलत नाही आणि त्याचे नाव तर जन्मात घेत नाही. बुधवारला आम्ही शार्शेम्बी म्हणतो. तो शब्दही सासऱ्याच्या नावाच्या जवळचा, म्हणून ती बुधवारला 'मंगळवारचा दुसरा दिवस' म्हणायची. तेव्हा लेकी बोले सुने लागे, तशातली गत झाली. इथे बोलणी खायला लेक म्हणजे मी.

"खाटबाई," ती माझी कडी लावता लावता मोठ्याने म्हणायची, "तुझे पाय बुडाले गं घाणीत. एवढी लेंडी उपसली, वर एक झरोका पाडला, तर शेळ्यांना कोरडं होईल. पण आपल्याला कोण विचारतंय?"

म्हातारा घोड्याचे खोगीर आवळता आवळता उत्तर देई, तेही मलाच. "खाटबाई, तिला सांग, लेंडी उपसली की जमीन गार पडते. माझ्या बापानं कीक वसंतातच कापली आणि त्याच्या बापानंही."

दोघांचे निरोप माझ्यापाशी यायचे आणि माझ्यापाशीच राहायचे.

जानेवारीत सायकालने वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "आई, ह्यात शेळी पडलीय."

दुधाला गोठ्याचा वास लागला होता. पोरीने दोन दिवस नाक दाबून प्यायले, तिसऱ्या दिवशी ओकली, मग प्यायचेच सोडले. चहात गाईचे दूध घालून पाहिले, तर रात्रभर पोट धरून रडली. गालांवरचा रंग आला तसा गेला.

त्याच सुमारास मार्झान मला टेकून उभी राहू लागली. दिवसा टेकायची, रात्री टेकायची. तिचे ओले, चिकट अंग माझ्या गजांना घासत राही. बाजूला हो म्हणायला मला तोंड नव्हते. मी नुसता तिचा राग केला. बया, तुला आडवे व्हायला सगळा गोठा मोकळा आहे, माझ्याच अंगाला का घाण पुसतेस, असे मला वाटे.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी कनिशायने मला ढकलले आणि मी हलले नाही. खालची दांडी लेंडीत गोठून बसली होती. तिने खांदा लावला, लाथ मारली. मग नमद्याचा कोपरा उचकटून आत पाहिले. मार्झान मान टाकून उभी होती. तिची एका बाजूची कास लाल होऊन सुजली होती आणि सडातून पाण्यात दह्याचे कण पडावेत तसे काहीतरी गळत होते.

"हळू, हळू," अंगणातून म्हाताऱ्याने सांगितले. "ऊन वाढलं की सुटेल दार."

"शार्शेनअली!"

कुंपणापलीकडे ओमुरझाकच्या हातातली बादली पडली. आमच्या गावात कुठल्या सुनेने असे नाव घेतल्याचे कुणी ऐकलेले नव्हते. कनिशायचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती थांबली नाही.

"शार्शेनअली, कुदळ आणा! ही मेली तर पोरीला मी काय पाजू? तुमची कीक?"

म्हातारा वळून घरात गेला. मला वाटले, आता चाबूक येतो. त्याने कुदळ आणली. माझ्या पायाशी घाव घातले, त्यात माझे दोन गज वाकले. आत शिरताच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, इतका तो वास झोंबत होता. तो मार्झानपाशी बसला तसे त्याचे गुडघे चिखलात रुतले. त्याने कासेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मेंढीखाली असं कधी होत नाही," तो म्हणाला. मग सुनेकडे वळून म्हणाला, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, अता," कनिशाय म्हणाली. सासऱ्याला ती वडिलांसारखे 'अता' म्हणायची. "खाटेला सांगितलं होतं."

म्हाताऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मला तेव्हा कुठे तोंड लपवावे ते कळेना.

संध्याकाळपर्यंत दोघे उपसत होती. दक्षिणेकडच्या भिंतीत त्याने खिडकी फोडली, जुन्या गाड्याच्या फळ्या विटांवर मांडून वीतभर उंच ओटा केला, वर कोरडा पेंढा टाकला. मार्झानने पेंढा हुंगला, पुढचे गुडघे दुमडले आणि आडवी झाली. तिने असा मोठा श्वास सोडला की कनिशाय रडू लागली.

तेव्हा मला कळले. शेळी ओल्यात अंग टाकत नाही. पाण्यात एक लेंडी पडली तरी ती तोंड फिरवते. शेवटी शेवटी जमिनीवर एकही कोरडी जागा उरली नव्हती, म्हणून मार्झान रात्रीमागून रात्री मला टेकून उभी राहिली. पाय अगदीच पेलेनासे झाले की तेवढी खाली बसायची आणि तेवढ्यातच कास बिघडली. त्या गोठ्यात माझ्याइतकीच किळस आणखी कुणाला येत असेल तर ती तिलाच येत होती. आणि मी तिलाच घाणेरडी म्हणत होते.

जनावरांच्या डॉक्टरने सुया टोचल्या. मार्झान वाचली, पण तिचा डावा सड कायमचा आटला. दुधाचा वास आठवड्याभरात गेला. सायकालने आधी वाटी हुंगली, मग आईकडे पाहिले, मग प्यायली. आता म्हातारा रोज सकाळी स्वतः झाडतो आणि झाडताना शेळीजातीला शिव्या देतो.

वसंतात एकदा ओमुरझाक कुंपणाला टेकून म्हणाला, "काय रे शार्शे, सुनेनं भर अंगणात तुझं नाव घेतलं, मी ऐकलं. एकदा नव्हे, दोनदा!"

"घेतलं," म्हातारा झाडू न थांबवता म्हणाला. "डिसेंबरात घेतलं असतं, तर शेळीचा सड वाचला असता."

मित्रांनो, मुक्या जनावराला कोरडी जागा द्या, वारा द्या, हे तर मी सांगतेच. पण घाण दिसली की आपण नाक धरतो आणि आपण फार स्वच्छ आहोत असे समजतो. मी हिवाळाभर तेच केले. त्याने एक लेंडीसुद्धा हलली नाही. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.