झाकण लावून दिलेली मुलाखत

ती नोकरी शेवटी सूचनारावांच्या साहेबांना लागली.

बरं, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. असं काही घडलेलं नाही, घडण्याची शक्यताही नाही. सध्या फक्त एवढंच आहे की कचेरीत जेवणाची सुट्टी झालीय, सगळे खाली गेलेत आणि सूचनाराव एकटेच खुर्चीत ताठ बसून लॅपटॉपच्या कॅमेऱ्याकडे बघून गोड हसताहेत.

सूचनाराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घरगुती यंत्राबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि खोक्याबरोबरच रद्दीत जाते, ती लिहिणं हे त्यांचं काम. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' हे वाक्य त्यांचं. 'मांजर सुकवण्यासाठी या यंत्राचा उपयोग करू नये' हेही त्यांचंच. ते एका ग्राहकाच्या तक्रारीनंतर घालावं लागलं होतं.

लग्न झाल्यापासून त्यांची बायको दुसऱ्या शहरात नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी गाडी धरायची, तिथं पोचून पायातले बूट काढायचे, की परत घालायचे, असा संसार. आणि आता बायकोच्याच गल्लीत, अशाच पुस्तिका लिहिणाऱ्या एका कंपनीत जागा निघाली होती. "ही मिळाली ना, तर तू रोज जेवायला घरी येशील," ती फोनवर म्हणाली होती. आणि वर, "आणि भांडायलाही. फोनवर मेलं रंगतच नाही."

तर मुलाखत चालू होती.

या कचेरीत सगळ्या लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली होती, कारण ती फुकट होती, आणि फुकट म्हटलं की साहेबांचा जीव फुलायचा. प्रत्येक टेबलावर दोन मोठे मॉनिटर आणि त्यांच्या पायाशी झाकण लावलेला लॅपटॉप. आधी झाकण लावलं की लॅपटॉप झोपायचा आणि दोन्ही मॉनिटर काळे पडायचे. मग कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पेंग्विनने सगळ्यांच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकून दिली. त्याला पेंग्विन म्हणत, कारण लिनक्सच्या चिन्हातल्या पक्ष्यासारखाच तो हात अंगाला चिकटवून चालायचा.

"आता झाकण लावलं तरी हा झोपणार नाही," तो म्हणाला होता. "याच्या पडद्यावरचं सगळं उडी मारून मोठ्या मॉनिटरवर येईल. ऐकताय ना?"

"हो हो," सूचनाराव म्हणाले होते. ऐकलं नव्हतं. सूचना वाचणाऱ्यांबद्दल त्यांचं मत वाईट होतं, आणि ते स्वतःवरूनच बनलेलं होतं.

पण कॅमेरा असतो झाकणात. म्हणून आज झाकण उघडं होतं. मुलाखतीची खिडकी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर, कानात इअरफोन, आणि मोठ्या मॉनिटरवर, कोणी आलंच तर दिसायला, कपडे धुण्याच्या यंत्राची आकृती. समोर चष्मेवाल्या बाई, त्यांच्या दोन बाजूंना मान डोलावणारे दोन गृहस्थ.

"वरिष्ठांशी पटलं नाही तर काय करता?" बाईंनी विचारलं.

सूचनारावांना चेव चढला. "आमचे साहेब चहाचा कप कुलपात ठेवतात हो. आणि पुस्तिकेत स्वल्पविराम जपून वापरा म्हणतात. का, तर शाई..."

दार वाजलं. दात काढायला गेलेले साहेब गालावर हात धरून आत आले. डॉक्टरच जागेवर नव्हते.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं सूचनारावांनी खाडकन झाकण मिटलं. इअरफोनची वायर त्यात अडकून निसटली. मोठ्या मॉनिटरवरचं यंत्र गेलं आणि त्या जागी बाई आल्या. चष्मा ताटाएवढा.

"हॅलो? चेहरा गेला तुमचा," अख्ख्या कचेरीत आवाज घुमला. "ते साहेबांच्या शाईचं सांगत होतात ना? मग पुढे?"

 

"कोण आहेत या?" साहेब.

"ग्राहक."

"ग्राहक कसली? मुलाखत घेतेय मी यांची," बाई म्हणाल्या.

साहेब जवळ आले. एका बोटाने झाकण उघडलं. "झाकण लावून मुलाखत देतात होय? काही रीत आहे की नाही? उठा." आणि स्वतः खुर्चीत बसले.

बाईंनी निरखून पाहिलं. "शाईवाले साहेब ते तुम्हीच?"

"मीच. आणि शाई लागतेच."

"लागते ना!" बाईंनी चष्मा काढला. "घसा कोरडा पडला माझा आमच्या लोकांना सांगून. कपालाही कुलूप लावता म्हणे?"

"नाही लावलं तर कप जातात."

"आमच्याकडे चमचेसुद्धा जातात हो," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुसून परत लावला. दोन्ही गृहस्थांनी माना डोलावल्या.

"बाई, मुलाखत माझी..." सूचनाराव.

"तुम्ही जरा सरका. यांच्या तोंडावर अंधार येतोय."

मग बाईंनी पगाराची अपेक्षा विचारली. साहेबांनी सूचनारावांनी अर्जात लिहिलेल्या आकड्याहून कमी आकडा सांगितला. "कधी येताय?" बाईंनी विचारलं. साहेब गाल दाबून म्हणाले, "दात निघाला की."

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "लागली का?"

"लागली."

"अगं बाई!"

"साहेबांना."

बराच वेळ तिकडून नुसतं कुकरच्या शिट्टीसारखं काहीतरी ऐकू येत राहिलं. कुकर नव्हता, ती होती. "तू त्यांना माझ्या गल्लीत पाठवतोयस?"

"मी नाही. लिनक्सने पाठवलं."

साहेब गेले. त्यांना भाड्याने खोली मिळाली ती नेमकी बायकोच्या घराच्या वरच्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "तुझे साहेब आले होते. साखर मागायला. बसले. जेवूनच गेले. उद्याही येतो म्हणालेत."

त्या रात्री सूचनारावांनी आयुष्यात पहिल्यांदा यंत्राविषयी नसलेलं काहीतरी लिहिलं, तेही साहेबांना:

'प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय: खंडित मुलाखत पुढे चालू करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपल्या आगमनामुळे खंडित झालेली अर्जदाराची मुलाखत आपल्या अनुपस्थितीत पूर्ण करून घेण्यात यावी. तसेच तिचा निकाल लागेपर्यंत आपण सध्या जेवत असलेल्या ताटावर अर्जदाराची दररोज संध्याकाळी प्रतिनियुक्तीने नेमणूक करण्यात यावी, आणि त्या वेळेत आपण वरच्या मजल्यावर उपाशी हजर राहावे, ही नम्र विनंती.'