बेहड्याच्या शेंड्यावरून

कागदावर लिहिलं होतं की डिशच्या वाटेत येणारा बेहडा तोडायला वनहक्क समितीची हरकत नाही. खाली माझं नाव छापून आणलेलं, रुक्मा, अध्यक्ष, आणि त्याच्यापुढं सहीसाठी रेघ.

"हितं सही करा, अज्जी," अक्षय म्हणाला. अक्षय कंपनीचा इंजिनिअर, बेळगावचा. तीन दिवस आमच्या वाडीच्या टॉवरवर चढउतर करून त्याचे तळहात सोलले होते.

"आधी वाचते."

"अक्का वाचायला लागली की दुपार हुतीया," गणपती म्हणाला. हा आमचा पंचायत मेंबर. कागद घेऊन अक्षयला माझ्या अंगणात त्यानंच आणलं होतं.

"होऊ दे दुपार. सही करायला मी साठीत शिकले, गणपती. कशावर करते ते बघितल्याबिगर करत न्हाई."

गणपतीची घाई मला कळत होती. बाजारकुणंग पंचायतीतली आमची बारा घरांची वाडी. फोन लावायचा तर उळवीच्या रस्त्याच्या वळणापर्यंत चालत जायचं, तिथं एक काडी रेंज मिळते. त्याची सून केशर गेल्या वर्षीच्या आषाढात बाळंतपणात अडली, तेव्हा हा माणूस भर पावसात त्या वळणावर पळत गेला होता. आई आणि मूल दोघं वाचली, पण त्या दिवसापासून टॉवर म्हटलं की त्याला दुसरं काही सुचत नाही.

टॉवर श्रावणात उभा राहिला. त्याच्यावर पांढरी गोल डिश बसवली, तिचं तोंड रामनगरच्या वाटेवरच्या उघड्या डोंगराकडं. त्या डोंगरावर दुसरा टॉवर, दुसरी डिश. दोघींनी एकमेकींकडं बघायचं आणि बोलायचं, मधी काही आलं नाही पाहिजे. पण दोन महिने झाले तरी आमच्या डिशला पलीकडचं धड ऐकू येत नव्हतं. कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी नकाशा बघितला आणि सांगितलं, मधी मोठं झाड आहे, ते काढा.

ते झाड म्हणजे टॉवरपासून अर्ध्या किलोमीटरवर, उतारावरचा बेहडा. पौषात त्याच्यावर आग्या मोहोळं बसायला लागतात, पंधरा, कधी वीस. वैशाखात माझा धाकटा दीर कान्हू वर चढतो आणि मध बारा घरांत वाटला जातो. त्या झाडाला आम्ही लोखंड लावत नाही. खिळा नाही, कोयतासुद्धा बुंध्याशी ठेवून चढायचं. आणि हे लोक करवत आणणार होते.

"झाड वाटेत न्हाई," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत, अज्जी?"

"तुझा टॉवर उभा हाय तिथंच माझा माळा होता. वीस वर्सं मी तिथं भाताची राखण केली. माळ्यावर बसून बेहड्याच्या शेंड्यावरनं मला तो उघडा डोंगर दिसायचा. तुझी डिश माझ्या माळ्यापेक्षा कितीतरी वर हाय. मला दिसायचा आणि तिला दिसत न्हाई व्हय?"

"ते तेव्हाचं, अज्जी. झाड वाढतंय की."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी कागद मांडीवर ठेवला आणि गणपतीला वाटलं, जमलं. त्यानं खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं.

"एका झाडापायी वाडी बहिरी ठेवणार काय, अक्का?"

"मला टॉवर पण पायजे आणि झाड पण पायजे," मी म्हणाले. "पेन खिशात ठेव. उद्या आरसा लावून बघू."

अक्षयला आरसा म्हणजे काय ते सांगावं लागलं. राखणीच्या दिवसांत रानाच्या एका कडेला माझा माळा, पलीकडच्या कडेला माझ्या मैत्रिणीचा, फुलाचा. वानरं उतरली की एकदा चमकवायचं, गवे आले की दोनदा. हाक पोचत नाही तिथं उजेड पोचतो. लांब हात करून दोन बोटांच्या बेचक्यात समोरचा माळा धरायचा आणि आरशाचा उजेड आपल्याच बोटांवर आणायचा. मग तो चुकत नाही.

अक्षय हसला नाही. "आमची जुनी माणसंपण असंच बघायची म्हणे," तो म्हणाला. "पण नुसतं दिसून चालत न्हाई, अज्जी. लहर दोरीसारखी बारीक नसते, जाताना फुगते. झाडापाशी तिला शेंड्याच्या वर तीन मीटर तरी मोकळी जागा लागते."

"मग तीन मीटर मोजून दे."

त्यानं टेप काढला. कान्हूनं बांधायला थोडा जास्त ठेवून त्या मापाचा बांबू तोडला आणि पूर्णिमाची लाल साडी त्याच्या टोकाला बांधली. पूर्णिमा माझी सून. तिला मी आरसा शिकवला, संध्याकाळपर्यंत ती समोरच्या गोठ्यातल्या म्हशीच्या कपाळावर उजेड पाडायला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती कंपनीच्या जीपमधून पलीकडच्या डोंगरावर गेली. तिथं टॉवर ठेंगणा आहे, डिश केबिनच्या छपराच्या उंचीला. तिनं त्या छपरावर डिशच्या शेजारी उभं राहायचं आणि बरोबर दहाला सुरू करायचं, असं ठरलं.

कान्हू बुंध्याला सालीच्या दोऱ्यांनी बांधलेल्या बांबूच्या शिडीवरून बेहड्यावर चढला. माश्या अजून आल्या नव्हत्या. सगळ्यात वरच्या पानाच्या वर पुरे तीन मीटर उरतील असा त्यानं साडीचा बांबू शेंड्याला बांधला. अक्षय पट्टा लावून टॉवरवर चढला आणि डिशपाशी मोबाईल धरून उभा राहिला. खाली आम्ही सगळी वाडी.

दहा वाजले. काही दिसलं नाही.

सव्वादहा झाले. डोंगरावर पांढरं धुकं होतं, ते हलत नव्हतं.

"पूर्णिमा वेणी घालत बसली असंल आरशात," गणपती म्हणाला. चारदोन जण हसले.

"तुझ्या सुनेसाठी तू पळालास तेव्हा कुणी हसलं न्हवतं, गणपती. गप ऱ्हा."

त्यानं परत डोंगराकडं तोंड केलं. मीही तिकडंच बघत होते. उजेड जर साडीच्या खाली दिसला असता, तर मला सही करावी लागली असती. सगळ्यांच्या समोर मीच माप मोजून मागितलं होतं.

साडेदहाला धुकं वर सरकलं आणि बेहड्यावरून कान्हूची आरोळी आली. त्याला दिसलं होतं. आम्हाला खालून काहीच कळत नव्हतं. अक्षय वर किती तरी वेळ मोबाईल धरून होता. खाली उतरल्यावर त्यानं फोटो काढलेला मोबाईल आधी गणपतीच्या हातात दिला. निळा डोंगर, खाली लाल ठिपका म्हणजे साडी, आणि तिच्या बरंच वर सुईच्या टोकाएवढा पांढरा जाळ.

"साडीच्या वर हाय," अक्षय म्हणाला. "वाट मोकळी हाय. झाडाचा संबंध न्हाई."

"मग कुणाचा हाय?" मी विचारलं.

"बघतो." तो परत वर चढला. या खेपेला डिशच्या पाठीमागं गेला. थोड्या वेळानं त्याची हाक आली. "गणपती मामा, हा शेंदूर कुणी लावलाय?"

गणपतीनं टोपी काढून डोकं खाजवलं. श्रावणात डिश आली तेव्हा आम्ही ती बांबूला टांगून, पालखीसारखी टॉवरपर्यंत नेली होती. नवा ट्रॅक्टर असो की भाताची गिरणी, वाडीत आलेल्या नव्या लोखंडाला तेल-शेंदूर लागल्याशिवाय ते कामाला घेत नाहीत. ती बसवायच्या आधीच गणपतीनं सगळ्यात मधला, गोल भाग बघून तिथं शेंदराचा जाड हात फिरवला होता. तोंडाला लावायचा नाही, म्हणून डिशच्या पाठीवर.

त्या शेंदराखाली बाण होता. बसवताना त्याचं टोक वर यायला पाहिजे. पावसात भिजत काम उरकणाऱ्या माणसांना तो दिसलाच नाही, आणि त्यांनी तो भाग पाव फेरा आडवा बसवला.

"डिशमधनं दोन लहरी जातात," अक्षय खाली येऊन रॉकेलच्या चिंधीनं हात पुसत सांगत होता. "एक उभी, एक आडवी. पलीकडची उभी आपल्या उभीत शिरायची, आडवी आडवीत. हितं सगळं फिरून बसलं, म्हणून उभी आडवीवर आपटत होती."

"म्हंजे कुडाच्या उभ्या काठ्यांतनं काठी आडवी घालायची," कान्हू म्हणाला.

"तसंच काका."

"आणि त्याच्यासाठी माझं झाड तोडणार हुता," कान्हूनं सुनावलं.

अक्षय पाना घेऊन परत वर चढला. बोल्ट ढिले करून, फिरवून, मीटर बघत परत आवळायला त्याला दोन तास लागले. गणपती खाली शिडी धरून उन्हात उभा राहिला, कुणी सांगितलं नसताना. अडीचच्या सुमाराला त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला आणि थांबेना. किती दिवसांचे अडकलेले मेसेज एकदम आले. केशर मुलाला कडेवर घेऊन फोन उंच धरून अंगणभर फिरली, कुठल्या कोपऱ्यात रेंज जाते ते बघायला. कुठंच जात नव्हती.

मग अक्षयनं तोच कागद पिशवीतून परत काढला.

"अज्जी, राग मानू नका. ऑफिसला कागद द्यावाच लागतो. झाड आणखी वाढेल, चार-पाच वर्षांत वाटेत येईलसुद्धा. आत्ता सही असली तर पुढं तुम्हालाच त्रास न्हाई."

"कर अक्का," गणपती हळू आवाजात म्हणाला. "आत्ता कोण तोडतंय?"

मी पेन मागितलं. छापलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, त्यामुळं कागदाची पाठसुद्धा लागली. लिहिलं ते असं: बेहडा वाटेत नाही. आज साडेदहाला आरसा दाखवून बघितलं, फोटो आहे. तोडायला समितीची हरकत आहे. झाड वाढलं तर टॉवर वाढवा, तो लोखंडाचा आहे, वरून तुकडा जोडता येतो.

खाली सही केली, तारीख घातली.

अक्षयनं दोन वेळा वाचलं. "हे असंच पाठवू?"

"असंच. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि तिथंच उभं राहून ऑफिसला पाठवले. गेले.

"टॉवर वाढवा म्हणून लिवलंस?" गणपती म्हणाला. "कंपनी चिडंल की गं."

"चिडू दे. आता हितनं फोन लागतोय. नंबर दे, मी बोलते."